ज्याच्या नावाने मागितले

धर्मकार्यासाठी द्रव्य मागावे की मागू नये, मागितलेच तर कोणापुढे, कोणत्या शब्दांत आणि कोठवर, हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीला तिच्या जन्मापासून चिकटलेला आहे. यरुशलेमातील दरिद्री बंधुजनांसाठी पौलाने जी वर्गणी उभी केली तिचा वृत्तान्त करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांत आला आहे, आणि तो वाचताना प्रथम लक्षात येते ते हे की, त्या प्रेषिताला मागण्याचा संकोच मुळीच नव्हता. स्वतः विपन्न असूनही मासेदोनियातील मंडळ्यांनी आपल्या ऐपतीबाहेर दिले, हे तो करिंथच्या सुस्थित लोकांना मोकळेपणाने सांगतो आणि त्यांच्या औदार्याला आवाहन करतो. दुसरी गोष्ट मात्र आमच्या व्यासपीठांवरून क्वचितच सांगितली जाते. ती रक्कम पोहोचविण्याचे काम पौलाने आपल्या एकट्याच्या हाती ठेवले नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू आणि आणखी एक पारखलेला सहकारी पाठविण्याची त्याने तजवीज केली, आणि एवढ्या मोठ्या निधीच्या वहिवाटीत कोणाला दोष काढण्यास जागा राहू नये, हे तिचे कारणही त्याने स्पष्ट लिहून ठेवले.

हाच पौल करिंथात राहत असताना स्वतःच्या निर्वाहासाठी तेथील लोकांकडून काही घेत नसे. तंबू करण्याचा धंदा करून तो आपले पोट भरी. पण फिलिप्पैच्या मंडळीने धाडलेली मदत त्याने आनंदाने स्वीकारली आणि तिच्याबद्दल आभाराचे जे पत्र पाठविले ते आजही नव्या करारात आहे. वरवर पाहता ही वागणूक विसंगत वाटेल, परंतु तिच्या मुळाशी एक सूक्ष्म विवेक आहे. दुसऱ्याच्या भुकेसाठी हात पसरताना त्याला लाज वाटली नाही. स्वतःसाठी घेताना मात्र देणाऱ्याशी आपले नाते कसे आहे, आणि घेतल्याने आपल्या संदेशाला कोणी विकाऊ तर म्हणणार नाही ना, याचा त्याने प्रत्येक ठिकाणी वेगळा विचार केला. धर्मसंस्थांच्या निधिसंकलनावर पुढील एकोणीस शतकांत जे जे वाद झाले त्यांचे बीज या विवेकात सापडते.

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाला सर्वांत टोकाचे उत्तर दिले ते जॉर्ज म्यूलर यांनी. १८०५ साली प्रशियात जन्मलेला हा मनुष्य इंग्लंडात येऊन स्थायिक झाला आणि १८३६ साली ब्रिस्टल शहरात त्याने अनाथ मुलांसाठी पहिले घर उघडले. आपल्या गरजा कोणाही मनुष्याला सांगावयाच्या नाहीत, केवळ प्रार्थनेत देवापुढे ठेवावयाच्या, उधारीने काही घ्यावयाचे नाही, कर्जात असलेल्या मनुष्याची देणगी घ्यावयाची नाही, हे त्याचे नियम होते. पुढे त्याच शहरातील ॲशली डाउन येथे १८४९ ते १८७० या काळात पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत एका वेळी दोन हजारांहून अधिक मुले राहू लागली. १८९८ साली म्यूलर वारले तोवर त्यांनी कोणापुढे हात पसरला नव्हता, असे त्यांचे चाहते अभिमानाने सांगत. पण त्यांचा दरसाल छापील अहवाल असे, देणगीदारांची नावे गुप्त ठेवून प्रत्येक रक्कम त्यात नमूद केलेली असे, आणि अमुक दिवशी सकाळी घरात दाणा नव्हता व दुपारी टपालाने पैसे आले, अशा प्रसंगांची हकीकत त्यात ओघवत्या भाषेत दिलेली असे. हे वाचून कोणाचा हात खिशाकडे गेला नसेल? टीकाकारांचा हा आक्षेप मला निराधार वाटत नाही. तथापि त्याला उत्तर म्यूलर यांनी आपल्या आचरणाने दिले आहे: १८४१ च्या अखेरीस जेव्हा निधी अगदी आटला होता तेव्हा त्यांनी वार्षिक सभा आणि अहवाल दोन्ही मुद्दाम लांबणीवर टाकली, कारण त्या वेळी हिशेब सांगणे म्हणजे आडपडद्याने याचना करणे ठरले असते. हिशेब आणि याचना यांमधील सीमारेषा ज्याला दिसत होती, आणि ती ओलांडण्याचा मोह ज्याने ऐन निकडीच्या दिवसांत आवरला, त्याची प्रामाणिकता संशयातीत मानली पाहिजे. त्याचा मार्ग प्रत्येकाने अनुसरावा असे मात्र मी म्हणणार नाही. म्यूलर यांच्या दृष्टीने त्या मार्गाचा मुख्य हेतूच देव आजही प्रार्थना ऐकतो याची साक्ष जगापुढे ठेवणे हा होता. मुलांचे पोषण त्यानंतरचे. ज्या संस्थेचा मुख्य हेतूच भुकेल्याचे पोट भरणे हा आहे, तिने मौनाला तत्त्व बनविले आणि त्या मौनापायी एक जरी मूल उपाशी राहिले, तर ते मौन देवाच्या लेखी पुण्य ठरेल असे मला वाटत नाही.

आम्हां मराठी वाचकांच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोधक प्रकरण आमच्याच भूमीवर घडले. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेत गेल्या; उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली तेथे प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. ठिकठिकाणी मंडळे निघाली, प्रत्येक मंडळाने दरसाल ठराविक रक्कम दहा वर्षे देण्याचे वचन दिले, आणि या पाठबळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. निधी मुदतबंद होता, मंडळातील सभासद निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे होते, आणि अट अशी होती की सदन कोणत्याही धर्माचा प्रचार करणारे असू नये. विधवांना आश्रय व शिक्षण मिळावे, त्यांच्या धर्माला हात लागू नये. याच भरवशावर रानडे, भांडारकर यांच्यासारखे पुरुष सल्लागार म्हणून उभे राहिले आणि याच भरवशावर पालकांनी आपल्या बालविधवा मुली तेथे पाठविल्या.

रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या, सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार त्या बंद ठेवीत नसत. काही मुली कुतूहलाने, काही प्रेमाने आत येऊन बसू लागल्या. १८९३ साली यावरून पुण्यात वादळ उठले, ‘केसरी’ने कठोर टीका केली, रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले, आणि अनेक मुलींना पालकांनी परत नेले. बोस्टनच्या मंडळाने मात्र हात आखडता घेतला नाही.

या वादात कोणाची बाजू न्याय्य होती, यावर आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. आपापल्या धर्माच्या कैवाराने लिहिणाऱ्यांनी ती अधिक खर्च केली आहे. मी ख्रिस्ती असूनही मला असे वाटते की, पालकांचा राग समजून घेण्यासारखा होता. शारदा सदनाचे दाते केवळ बोस्टनमध्ये नव्हते. ज्या बापाने समाजाचा रोष पत्करून आपली विधवा मुलगी दुसऱ्याच्या हाती सोपविली, त्याने ठेवलेली ठेव कोणत्याही डॉलरांहून मोलाची होती, आणि त्या ठेवीलाही अटी होत्या. दुसऱ्या बाजूने, मनात खोलवर रुजलेली श्रद्धा दाराआड लपवून ठेवणे रमाबाईंसारख्या सरळ स्वभावाच्या स्त्रीला दंभासारखे वाटले असेल, तर तेही स्वाभाविक होते. निधीची अट एकीकडे आणि कार्य चालविणाऱ्याच्या अंतःकरणाची ओढ दुसरीकडे, अशी फट पडली की ती व्याख्यानांनी वा खुलाशांनी बुजत नाही. ती बुजविण्याचा एकच उपाय असतो, आणि तो रमाबाईंनी पुढे योजला: नवे कार्य त्यांनी नव्या पायावर, उद्देश आधी जाहीर करून, उभे केले.

१८९६–९७ च्या दुष्काळात, स्वतः किशोरवयात उपासमारीच्या दिवसांत आईबाप आणि बहीण गमावलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली व स्त्रिया घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली, त्या वर्षी रमाबाई पुन्हा अमेरिकेत गेल्या आणि तेथे नवे मंडळ स्थापन झाले. परंतु मुक्तीचे कार्य उघडपणे ख्रिस्ती आहे हे आता कोणापासूनही लपलेले नव्हते. म्यूलर यांचे चरित्र, हडसन टेलर यांच्या चायना इनलँड मिशनची हकीकत आणि जॉन पेटन यांचे जीवनवृत्त ही पुस्तके त्यांनी याच सुमाराच्या काळात वाचली होती आणि अशा श्रद्धेने आपल्या देशातही संस्था चालेल काय, हा विचार त्यांच्या मनात घोळत होता, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहिले आहे. १९०० च्या दुष्काळानंतर मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तेथे शेती होती, विणकाम होते, छापखाना होता, आणि रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर पुढे त्याच छापखान्यात मुक्तीतील स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. देणगीवर जगणारी संस्था असूनही आतील माणसे केवळ घेणारी राहू नयेत, हा कटाक्ष त्या साऱ्या व्यवस्थेत दिसतो, आणि म्यूलर यांच्या अनुकरणापेक्षा रमाबाईंचे हे वैशिष्ट्य मला अधिक मोलाचे वाटते.

येथे शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीचे स्मरण करणे प्राप्त आहे. गोदूबाई ही बालविधवा तेथे शिकली, १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला, आणि बाया कर्वे या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या याच स्त्रीने पुढे कर्वे यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा केली. बोस्टनच्या ज्या अनामिक स्त्रियांनी आपल्या खर्चातून काटकसर करून डॉलर पाठविले, त्यांच्या देणगीचे याहून मोठे फलित कोणत्या अहवालात दाखविता येईल? जिच्या नावाने मागितले गेले तीच इतरांसाठी मागू लागली.

श्रीमंत दात्याचा प्रश्न वेगळा, आणि त्याचाही एक धागा मराठी मुलखाशी जोडलेला आहे. १८१३ साली मुंबईस उतरलेले अमेरिकन मिशनरी ज्या बोर्डाने पाठविले होते, ज्याच्या पैशावर पुढे अहमदनगरचे मराठी मिशन वाढले, त्या अमेरिकन बोर्डाला १९०५ साली जॉन डी. रॉकफेलर यांनी १,००,००० डॉलर दिले. त्यांच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने प्रतिस्पर्ध्यांना ज्या रीतीने चिरडले त्या रीतीची चर्चा त्या काळी अमेरिकाभर चालू होती. वॉशिंग्टन ग्लॅडन या धर्मोपदेशकाने अशा कलंकित पैशावर मिशन चालवू नये, असा जाहीर निषेध केला, आणि अनेक पाळक त्याच्या बाजूने उभे राहिले. बोर्डाचे समर्थक म्हणत की आलेल्या पैशाची कुळी तपासणे हे धर्मसंस्थेचे काम नव्हे. आरंभी बहुतेकांची समजूत अशी होती की देणगी आपण होऊन आली आहे. पुढे उघड झाले की बोर्डाच्याच चिटणिसांनी बऱ्याच दिवसांपासून तिच्यासाठी विनंती चालविली होती. अखेर पैसा बोर्डाकडेच राहिला.

या वादात माझे मत ग्लॅडनच्या बाजूला अधिक झुकते, पण त्याने दिलेल्या कारणासाठी नव्हे. जगातील प्रत्येक नाण्याचा पूर्वेतिहास शोधू लागल्यास शुभवर्तमानातील विधवेच्या दोन टोल्याही आपल्याला घेता येणार नाहीत, कारण त्याही कोणाच्या तरी हातून तिच्याकडे आल्या असतील. खरा दोष मागणी लपविण्यात होता. जेथे मागणे उघडपणे सांगण्याची लाज वाटते तेथे मागू नये. आणि जेथे मोठा दाता नाराज होईल या भीतीने अन्यायाविषयी व्यासपीठ मूक होते, तेथे त्या देणगीची किंमत संस्थेने आपल्या वाणीने चुकती केली असे समजावे. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्या मनुष्याला मानाची जागा देऊन गरिबाला पायाशी बसविणाऱ्या मंडळीला जी तंबी दिली आहे ती आजच्या किती कोनशिला-समारंभांना लागू पडेल, याचा विचार प्रत्येक विश्वस्त मंडळाने करावा.

ज्या दुष्काळांत मुक्ती सदन वाढले त्याच वर्षांत अमेरिकेतील ख्रिस्ती नियतकालिकांनी हिंदुस्थानातील हाडांचे सापळे झालेल्या मुलांची छायाचित्रे छापली आणि त्यांच्या परिणामाने फार मोठी मदत जमली. ‘ख्रिश्चन हेरल्ड’च्या पुढाकाराने १९०० साली मक्याने भरलेले एक जहाजच इकडे आले. त्या मक्याने जीव वाचले. हे मान्य करूनही त्या छायाचित्रांपुढे मन थांबते. कोरियन युद्धाच्या काळात, १९५० साली वर्ल्ड व्हिजन आणि १९५२ साली कम्पॅशन या संस्था निघाल्या. एका दात्याने एका मुलाचा खर्च उचलावा, त्याचे छायाचित्र जवळ ठेवावे, त्याच्याशी पत्रव्यवहार करावा, ही पद्धत त्यांच्याद्वारे जगभर रुजली. या पद्धतीत मोठा गुण आहे, कारण दान अमूर्त न राहता त्याला एक नाव आणि चेहरा मिळतो. धोकाही तेवढाच मोठा आहे. मुलाच्या आभाराच्या पत्रांवर त्याचे जेवण अवलंबून असल्याची जाणीव त्या कोवळ्या मनाला झाली, तर कृतज्ञता ही त्याच्याकडून होणारी वसुली बनते. छायाचित्राच्या बाबतीत मी एकच कसोटी मानतो: ते मूल उद्या चाळीस वर्षांचे होऊन, आपल्या मुलांना शेजारी बसवून तेच छायाचित्र पाहू शकेल काय? पाहू शकत नसेल तर ते छापण्याचा अधिकार कोणालाही नाही, मग त्यामुळे कितीही धान्य मिळणार असो.

या सर्व प्रकरणांतून मला जे सांगावयाचे आहे ते आता सांगतो. धर्मकार्यासाठी दिलेला पैसा दात्याच्या हातून सुटला की त्याचा राहत नाही, हे बहुतेकांना मान्य असते. तो संस्थेचाही होत नाही, हे फार थोड्यांना उमगते. पाणीवाटपाची फड पद्धत असलेल्या गावांत पाटकरी जसा पाण्याचा धनी नसतो आणि वरच्या शेताचा मालकही नसतो, ज्याची पाळी त्याला पाणी पोहोचविणे एवढाच त्याचा अधिकार असतो, तसे संस्थाचालकाचे स्थान आहे. पैसा ज्याच्या नावाने मागितला त्याचा तो झाला. मग दात्याला पावती पाठविणे, त्याने ठरवून दिलेल्या कामाखेरीज अन्यत्र रक्कम न वळविणे, शाळेच्या इमारतीसाठी आलेला निधी पगारासाठी ‘तूर्त उसना’ न घेणे, अपयश आले तर तेही त्याला कळविणे, ही सर्व कर्तव्ये दात्याची मर्जी राखण्यासाठी म्हणून उरत नाहीत. त्या अनुपस्थित मालकाच्या वतीने ती पार पाडावयाची असतात. दात्याची खुशामत आणि दात्याशी इमान यांतील अंतरही यातूनच उमजते. खुशामत करणारा दात्याला ऐकावेसे वाटेल तेच ऐकवितो. इमान राखणारा त्याला सत्य सांगतो आणि प्रसंगी, तुमची अट या मुलांच्या हिताची नाही म्हणून ही देणगी आम्हांला नको, असेही नम्रपणे कळवितो.

कायद्याने या बाबतीत पुष्कळ बंदोबस्त केला आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमान्वये महाराष्ट्रातील संस्थांना धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब सादर करावे लागतात. परकीय देणग्यांचा कायदा १९७६ साली प्रथम झाला, २०१० साली नव्याने झाला, आणि २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली. या निर्बंधांची झळ अनेक प्रामाणिक संस्थांना लागली आहे, याची मला जाणीव आहे. परंतु जमाखर्चाची रुजवात सरकारदरबारी झाली म्हणून ज्याच्या नावाने मागितले त्याचे देणे फिटत नाही, कारण तो हिशेब त्याने पाहिलेलाच नसतो.

परदेशी ओघ आटला तर काय, असा चिंतेचा सूर आपल्या मंडळ्यांत नेहमी निघतो. त्याला मिझोरमने शंभर वर्षांपूर्वीच उत्तर दिलेले आहे. तेथील प्रेस्बिटेरियन मंडळीतील स्त्रिया १९१० पासून स्वयंपाकाच्या वेळी घरच्या तांदळांतून एक मूठ देवासाठी बाजूला काढतात. ‘बुहफाई थाम’ म्हणून ओळखला जाणारा हा तांदूळ गोळा होऊन विकला जातो आणि त्या पैशांतून मंडळीचे दूरदूरचे सेवाकार्य चालते. आपल्याकडेही अंताजीपंत काळे यांनी प्रत्येकी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना निघाला. अहमदनगरकडील खेड्यांत हंगामाच्या सणाला आजही ज्वारीची कणसे, अंडी, कोंबड्या वेदीपाशी आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. चार घरांची धुणीभांडी करणारी बाई त्या दिवशी दात्री असते आणि तिच्याकडे कोणी उपकृत म्हणून पाहत नाही. देणारा आणि घेणारा यांच्या मधली भिंत पाडण्याचे जे सामर्थ्य या मुठीत आणि या लिलावात आहे ते लाखांच्या धनादेशात नाही. मोठ्या देणग्या घेऊ नयेत असे मी म्हणत नाही. ज्या मंडळीने आपली मूठ आधी काढलेली नाही तिने त्या मागू नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्यापैकी जे कोणी एखाद्या वसतिगृहाच्या, रुग्णालयाच्या वा अनाथालयाच्या विश्वस्तपदावर असतील त्यांना माझी एक विनंती आहे. पुढील वार्षिक अहवाल दात्यांकडे रवाना करण्यापूर्वी तो तेथील रहिवाशांना आणि मुलांच्या पालकांना एकत्र बसवून मराठीत वाचून दाखवा, जमेची आणि खर्चाची प्रत्येक बाब त्यांना समजावून सांगा, त्यांना प्रश्न विचारू द्या, आणि त्यांनी विचारलेले प्रश्न व आपण दिलेली उत्तरे त्याच अहवालात छापून मग तो दात्यांना पाठवा.